थेल्मा ऑग्डनची नकारवही

थेल्मा ऑग्डनला नाही म्हणता येत नसे. क्रॅगथॉर्प गावात हे कुणीही सांगेल, आणि सांगताना बहुतेकजण तिच्याकडून मागून आणलेली एखादी वस्तू हातात धरून उभे असतील. दुकानसुद्धा तिला असंच मिळालं. एकेचाळीस वर्षांपूर्वी दुकानाच्या जुन्या मालकीणबाई पंधरा दिवस समुद्रावर हवापालटाला निघाल्या आणि म्हणाल्या, "थेल्मा, तेवढं दुकान बघशील?" थेल्मा म्हणाली, "बघते की." त्या बाई परत आल्याच नाहीत. तिसऱ्या वर्षी त्यांनी दुकानाची कागदपत्रं पोस्टाने पाठवून दिली, आणि थेल्माने सही करून घेतली, कारण पोस्टमन दारात पावसात भिजत उभा होता.

लग्नाचीही तीच गत. डेनिस ऑग्डनने तिला सहलीच्या बसमध्ये बत्तीस माणसांच्या देखत विचारलं. एवढ्या माणसांचा हिरमोड कोण करणार? डेनिस वाईट नव्हता. बावीस वर्षं त्याने संसार नीट केला आणि एका फेब्रुवारीत छातीत कळ येऊन गेला. थेल्मा मनापासून रडली. पण आपण त्याला निवडलं होतं की नुसता होकार दिला होता, हे तिला शेवटपर्यंत नीटसं उमगलं नाही.

फिरते विक्रेते तर तिच्या दुकानाला देवस्थान मानत. वर्षातले दोनशे दिवस पाऊस पडणाऱ्या त्या टेकडीवर तिच्याकडे समुद्रकिनाऱ्यावर लावायच्या सोळा छत्र्या होत्या, मार्मलेड आठ प्रकारचं होतं, आणि मागच्या खोलीत दोन कासवं होती. ती ऑस्ट्रेलियाला गेलेल्या एका कुटुंबाने 'सोय होईपर्यंत' ठेवली होती. कासवांचं आयुष्य किती असतं हे त्यांना ठाऊक असावं आणि थेल्माला नसावं.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. थेल्माच्या दाराशी ती बहीण आलीच होती. गावातला पब तीन वर्षांपूर्वी बंद पडला होता. लोक थेल्माकडून प्रेमाने दूध आणि वर्तमानपत्र घेत, पण शुक्रवारची वाइनची बाटली सुपरमार्केटच्या घरपोच गाडीतून येई, आणि एकदा गाडी दारात आली की बाटलीच्या सोबतीला पाव, चीज, बटाटे असं सगळं लटांबर उतरे. शेवटी घाऊक व्यापाऱ्याने तोंडावर सांगितलं, "बाई, बिअर-वाइन ठेवा. नाहीतर नाताळनंतर आमची गाडी तुमच्या टेकडीवर चढायची नाही." गाडी चढली नाही तर दुकान बंद, इतका साधा मामला होता.

म्हणून वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी थेल्माने कौन्सिलकडे दारूविक्रीच्या परवान्याचा अर्ज केला.

अर्जाला दुकानाचा नकाशा जोडायचा होता, एक मीटरला एक सेंटिमीटर या मापाने. तो काढला निवृत्त हेडमास्तर मिस्टर इलिंगवर्थ यांनी. मास्तर काटेकोर माणूस. त्यांनी दुकानात जे जे दिसलं ते मोजून नकाशात घातलं, आणि त्यात विल्फही आला.

विल्फ सग्डनने आयुष्यभर मेंढ्या पाळल्या होत्या आणि लग्न केलं नव्हतं. मेंढ्या विकून टाकल्यापासून तो रोज सकाळी नऊला दुकानात यायचा, पुदिन्याच्या गोळ्यांची एक पुडी घ्यायचा आणि रॉकेलच्या हीटरशेजारी लाकडी खुर्चीत बसायचा. साडेबाराला उठायचा. असं एकोणीस वर्षं चाललं होतं. दिवसाला चारपाच वाक्यं बोलायचा, त्यातली दोन हवेबद्दल. एकदा फ्लूने तो आठवडाभर आला नाही, तेव्हा थेल्माने त्या खुर्चीत दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही. म्हणजे नाही म्हणाली असं नाही, खुर्चीवर मार्मलेडची खोकी रचून ठेवली.

चार दिवसांनी कौन्सिलच्या परवाना विभागातून टॉर्डॉफ नावाच्या माणसाचा फोन आला.

"मिसेस ऑग्डन, नकाशात हीटरच्या बाजूला 'डब्ल्यू' लिहिलंय. ही काय वस्तू आहे?"

"विल्फ," थेल्मा म्हणाली.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. "ती वस्तू स्थिर आहे का?"

"नऊ ते साडेबारा."

"असं बघा, नकाशात फक्त स्थिर वस्तू दाखवायच्या असतात. आग लागली तर बाहेर पडायच्या वाटेत अडथळा होईल अशा."

थेल्माने विल्फच्या लांब पसरलेल्या पायांकडे पाहिलं. "मग दाखवायलाच हवा," ती म्हणाली.

टॉर्डॉफ तसा भला माणूस होता. विल्फ तसाच राहिला, फक्त तळटीपेत 'डब्ल्यू: ग्राहक, बसलेला' असा खुलासा आला. मग त्याने थेल्माला पुढची पायरी समजावून सांगितली. निळ्या कागदावर अर्जाची नोटीस छापायची आणि ती दुकानाच्या खिडकीत, बाहेरून वाचता येईल अशी, अठ्ठावीस दिवस लावायची.

"या अठ्ठावीस दिवसांत कुणी काही लिहून पाठवलं नाही, तर एकोणतिसाव्या दिवशी परवाना आपोआप मिळतो. कुणी लिहिलं तर सुनावणी लागते."

"आमच्या गावात विरोधात लिहिणारं कुणी नाही हो."

"विरोधात असं मी म्हटलंच नाही. बाजूने लिहिलं तरी सुनावणी. कायदाच तसा आहे. तुम्ही एकच करा, गावाला गप्प बसायला सांगा."

गावाला गप्प बसा म्हणणं हा नाही म्हणण्याचाच थोरला भाऊ. थेल्माने नोटीस चिकटवली आणि मनातल्या मनात गावाला गप्प बसायला सांगितलं.

सहा दिवस छान गेले. सातव्या दिवशी म्युरिएल बूथरॉइड खिडकीपुढे थांबली. ही म्युरिएल म्हणजे गावसभेची अध्यक्ष, चर्चमधल्या फुलांच्या पाळ्या लावणारी आणि जत्रेत केकना बक्षिसं देणारी. क्रॅगथॉर्पमध्ये कुणी गेलं तर आधी म्युरिएलला कळवायचं आणि मग डॉक्टरला. तिने निळा कागद वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला आणि आत आली.

"अगं थेल्मा, इथे लिहिलंय की या अर्जाबद्दल कुणाला काही म्हणायचं असेल तर लेखी कळवावं. आणि तू बोलली नाहीस?"

"तसं काही लागत नाही गं म्युरिएल. टॉर्डॉफ म्हणाला की..."

"लागत नाही काय? एकेचाळीस वर्षं तू या गावाचं केलंस. आता गावाने चार ओळी लिहायच्या नाहीत? मी सगळ्यांना कामाला लावते. चालेल ना तुला?"

इथे थेल्माला सरळ सांगता आलं असतं. विल्फने खुर्चीतून मान वर करून तिच्याकडे पाहिलंदेखील. थेल्माचं तोंड उघडलं, ओठांनी नकाराचा आकारही घेतला, आणि बाहेर आलं ते असं, "चालेल की. बरं होईल."

विल्फने मान पुन्हा खाली घातली.

त्रेचाळीस पत्रं गेली. गावात घरंच सदतीस. टॉर्डॉफचा फोन आला तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता, दुखवट्याला गेलेल्या माणसाचा मऊपणा होता. आता सुनावणी टाळायला एकच मार्ग होता, पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाने 'सुनावणीची गरज नाही' असं लेखी द्यायचं. थेल्माने हे म्युरिएलला सांगितलं. म्युरिएल म्हणाली, "छे, आम्ही येणार. मी मिनीबस ठरवलीसुद्धा. दोन खेपा करेल. सँडविचेस मी आणते, तू फक्त मार्मलेड दे."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तशातली गत. पण थेल्माला टोचत होतं ते वेगळंच. त्रेचाळीस पत्रांत विल्फचं पत्र नव्हतं. टॉर्डॉफकडून तिने यादी मागवून दोनदा वाचली. कासवं ठेवून गेलेल्या कुटुंबाने ऑस्ट्रेलियातून लिहिलं होतं. तीन फुटांवर बसणाऱ्याने नाही. पत्र नकोच होतं हे तिला कळत होतं, तरी वाईट वाटायचं ते वाटलंच. त्या आठवड्यात तिने त्याला गोळ्यांची पुडी दिली ती त्याच्याकडे न बघता.

सुनावणी नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी होती. कौन्सिलच्या सभागृहात लांब टेबलामागे तीन सभासद बसले होते. अध्यक्ष होत्या मिसेस क्रॅबट्री. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पुढ्यात टाचण, बाजूला पाण्याचा पेला. समोर टेबलालगत थेल्मा, आणि तिच्या मागे अख्खं क्रॅगथॉर्प रविवारचे कपडे घालून बसलं होतं. विल्फ शेवटच्या रांगेत होता.

मिसेस क्रॅबट्रींनी सुरुवातीलाच सांगितलं की समितीला चारच गोष्टी बघायच्या असतात. गुन्हे होऊ नयेत, लोक सुरक्षित राहावेत, शेजाऱ्यांना उपद्रव होऊ नये, आणि मुलांना अपाय होऊ नये. "बोलायचं ते एवढ्यावरच बोला."

आधी मिस्टर इलिंगवर्थ उठले. "मुलांबद्दल मी बोलतो," ते म्हणाले. "पस्तीस वर्षं मी या गावात मास्तर होतो. एखाद्या पोराने काही मागितलं आणि थेल्माने दिलं नाही, असं माझ्या हयातीत घडलेलं नाही."

मिसेस क्रॅबट्रींनी लिहून घेतलं. "काहीही मागितलं तरी?"

"काहीही," मास्तर अभिमानाने म्हणाले. "एका वर्षी तिने माझ्या अख्ख्या वर्गाला फटाके दिले होते."

मग केन उठला. केन छपरं शाकारायचा आणि शेजारच्या गावातल्या पबला वर्षानुवर्षं आधार देऊन होता. "हे बघा, मी कधी कधी जरा जास्त घेऊन येतो," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "दुसरे दुकानदार हुसकून लावतात. थेल्मा तसलं करत नाही. मी भिंत धरून उभा असलो तरी मला हवं ते देते, वर घरापर्यंत सोडायला येते."

टेबलाच्या कडेला बसलेल्या टॉर्डॉफने कपाळाला हात लावला. प्यायलेल्याला दारू विकणं हा त्या कायद्यात गुन्हा आहे, हे सभागृहात फक्त त्याला आणि त्या तिघांना माहीत होतं.

"शेजाऱ्यांना उपद्रवाचं म्हणाल तर," म्युरिएल म्हणाली, "थेल्माचं मागचं दार कधीच बंद नसतं. सकाळी सहाला जा, रविवारी जा. ती झोपेतून उठून, गाऊनमध्ये, पण देणार."

सुरक्षिततेवर पोस्टातल्या बाईने साक्ष दिली. मागे एकदा एक मेंढी दुकानात शिरली होती आणि तिला हाकलायला थेल्माचा जीव झाला नाही. मेंढी दुपारपर्यंत राहिली आणि कॉर्नफ्लेक्सची तीन पाकिटं खाऊन आपण होऊन गेली. "इतकी माया आहे तिच्यात," पोस्टातली बाई म्हणाली आणि तिने डोळे पुसले.

अशी अकरा माणसं बोलली. प्रत्येकजण बसताना थेल्माकडे बघून हसे, आणि ती हसून मान डोलवी. आपलं दुकान आपल्या डोळ्यांदेखत, प्रेमाच्या माणसांकडून, एकेक वीट करून उतरवलं जातंय हे तिला दिसत होतं. तिला ओरडावंसं वाटत होतं. पण इतक्या लांबून, सँडविचेस बांधून आलेल्या माणसांवर ओरडायचं तरी कसं?

मिसेस क्रॅबट्रींनी चष्मा काढला. "मिसेस ऑग्डन, या लोकांचं तुमच्यावर फार प्रेम आहे हे उघड आहे. अडचण अशी की दारूचा परवाना म्हणजे निम्म्याहून जास्त नकार देण्याचंच काम. आम्ही काही अटी घातल्या तर चालतील का?"

"चालतील की," थेल्मा म्हणाली.

"विक्री फक्त अकरा ते एक."

"चालेल."

"रविवारी बंद. शनिवारीही."

"बरं."

"बिअर नाही, फक्त वाइन. आणि बाटल्या कुलपात."

"हो."

"कुलपाची किल्ली तुमच्याकडे नको. दुसऱ्या एखाद्या जबाबदार व्यक्तीकडे असावी."

म्युरिएलचा हात वर गेला. थेल्मा म्हणाली, "ठीक आहे."

घाऊक व्यापाऱ्याची गाडी आता परत फिरल्यातच जमा होती. क्रॅगथॉर्पची मंडळी मात्र कौतुकाने बघत होती. बाई किती समजूतदार, कशाला म्हणून आडवी येत नाही.

मिसेस क्रॅबट्रींनी नकाशा पुढे ओढला. "आणि शेवटचं. ही हीटरजवळची खुर्ची. दारू विकायच्या जागी कुणी रोज साडेतीन तास बसून राहणं योग्य दिसत नाही. ती काढून टाका."

"नाही," थेल्मा म्हणाली.

सभागृहात कुणालाच आपण नीट ऐकलं असं वाटलं नाही. खुद्द थेल्माने मागे वळून बघितलं, कोण बोललं म्हणून.

"काय म्हणालात?"

"नाही म्हणाले. खुर्ची तिथेच राहील." थेल्माचा आवाज चिरका झाला होता. "तो तिथे कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. गोळ्या खातो. एकोणीस वर्षं मी सकाळी दुकान उघडते ते गिऱ्हाईक येईल म्हणून नाही, नऊ वाजतील म्हणून उघडते. खुर्ची काढायची असेल तर तुमचा परवाना तुम्हीच ठेवा."

शेवटच्या रांगेत कुणाचीतरी गोळ्यांची पुडी जमिनीवर सांडली.

"बरं," मिसेस क्रॅबट्री म्हणाल्या. "खुर्ची राहू दे. मग बाकीचं आपण..."

"बाकीचंही नाही," थेल्मा म्हणाली. एकदा बांध फुटल्यावर पाणी कशाला थांबतंय. "अकरा ते एक कोण येणार? सगळे कामावर असतात. दुकान उघडं असेल तोवर विकणार. शनिवारी विकणार. बिअरही ठेवणार. आणि किल्ली म्युरिएलकडे नाही. म्युरिएल, हात खाली घे."

म्युरिएलने हात खाली घेतला. असं तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"केन, तू प्यायलेला आलास तर दार लावून घेईन. मास्तर, ते फटाके तुम्ही मागवले होते आणि न्यायला आला नाहीत म्हणून मी पोरांना वाटले. आणि त्या सोळा छत्र्या मला नको होत्या." छत्र्यांचा संदर्भ कुणालाच लागला नाही. थेल्मा खाली बसली आणि तिने मिसेस क्रॅबट्रींच्याच पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं.

समिती बारा मिनिटं आत गेली. बाहेर आली ती परवाना देऊन. निकालपत्र थेल्माने पुढे दुकानात चौकटीत लावलं. त्यातलं एक वाक्य असं होतं: 'अर्जदाराने समितीसमक्ष नकार देण्याची क्षमता ठामपणे, वारंवार आणि गरजेपेक्षा अधिक प्रमाणात सिद्ध केली आहे.' अट एकच होती. दुकानात नकारवही ठेवायची. कुणालाही विक्री नाकारली की तारीख, वेळ, नाव आणि कारण त्यात लिहायचं.

परतीच्या मिनीबसमध्ये म्युरिएलने सँडविच पुढे केलं. थेल्मा म्हणाली, "नको, मला काकडी आवडत नाही." एकेचाळीस वर्षं ती म्युरिएलची काकडीची सँडविचेस खात आली होती.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी बाटल्या फळीवर लागल्या. नऊ वाजता विल्फ आला. त्याने गोळ्यांची पुडी घेतली, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा दुसरी वस्तू घेतली, काळ्या बिअरची एक बाटली. मग खुर्चीत बसला आणि खिशातून बाटली उघडायची किल्ली काढली.

"इथे उघडायची नाही विल्फ," थेल्मा म्हणाली. "विकायचा परवाना आहे, इथे प्यायचा नाही."

"एकच घोट."

"नाही."

तिने वही काढली, पहिल्या पानावर तारीख टाकली आणि लिहिलं: 'नऊ वाजून सहा मिनिटं. विल्फ सग्डन. खुर्चीत बिअर उघडू द्या म्हणाला. नाकारलं.' विल्फ उठून काउंटरपाशी आला. त्याने ती नोंद उलट्या बाजूनेच, बोट फिरवत, शेवटपर्यंत वाचली. त्याला ते जमायचं.

"पत्र लिहिलं नाहीस तू," थेल्मा म्हणाली. ते महिनाभर तिला खुपत होतं. "ऑस्ट्रेलियातून आलं. तुझं नाही."

"नोटीस तिकडे तोंड करून होती. मी इकडे बसलेलो," विल्फ म्हणाला. "अठ्ठावीस दिवस उजेडातून उलटी वाचली. शिवाय तो टॉर्डॉफ फोनवर मोठ्याने बोलतो. कुणी काही लिहू नये, हे माझ्या पहिल्या दिवशी ध्यानात आलं होतं."

थेल्माला एकदम इतकं हलकं वाटलं की तिने काउंटरची कड धरली.

विल्फने एक गोळी तोंडात टाकली, ती या गालातून त्या गालात नेली, आणि बोलला. त्या दिवसाची सगळी वाक्यं त्याने एकदमच खर्च केली.

"तुला एक विचारायचं होतं. सोळा वर्षं झाली. पण तू काय, कुणालाही हो म्हणतेस. छत्रीवाल्याला म्हणालीस, कासववाल्यांना म्हणालीस. मलाही म्हणाली असतीस. मग मला रोज सकाळी वाटलं असतं, हिला मी हवा होतो की हिला नाही म्हणता आलं नाही." त्याने वहीवर बोट ठेवलं. "आता तुला येतंय. म्हणून विचारतो. करतेस का माझ्याशी लग्न?"

हीटर फुरफुरला. मागच्या खोलीत एक कासव कशावर तरी आपटलं. थेल्माला तोंडाशी आलेला होकार ओळखू आला. तो नेहमीचाच होता, घाईघाईने पुढे येणारा, समोरच्याला ताटकळत ठेवायला नको म्हणून. तिने तो गिळला. आत आणखी काही आहे का म्हणून बघितलं. होतं. पण ते नीट बघायला तिला वेळ हवा होता, आणि आपल्याला वेळ मागता येतो हे तिला सदुसष्टाव्या वर्षी कळत होतं.

"अठ्ठावीस दिवस थांब," ती म्हणाली. "विचार करून सांगते."

विल्फने मान डोलावली. परवान्याला लागतात तेवढे लग्नालाही लागणार, हे त्याला रास्त वाटलं असावं.

"आणि हे बघ," थेल्मा म्हणाली, "म्युरिएलला कळू देऊ नकोस. गावातल्या एकानेही पाठिंब्याचं पत्र लिहायचं नाही."

विल्फ खुर्चीत जाऊन बसला आणि त्याने पाय पसरले.

"मी कधी लिहिलंय?" तो म्हणाला.